राज्य बदलत असताना संस्थेची पत कुठून येते?

प्रश्न इंदूरच्या रामबागेत वाढलेल्या एका मुलीचा आहे. तिने समाजकार्याचं शिक्षण घेतलं, चार वर्षं धार जिल्ह्यात काम केलं आणि आता दोन वर्षांसाठी नेपाळमधल्या एका संस्थेत रुजू होते आहे. ती विचारते: "ताई, जिथे राज्यव्यवस्थाच पुन्हा पुन्हा बदलते, तिथे कोणीही निवडून न दिलेल्या आमच्यासारख्या संस्थेला लोकांनी का मानावं? नोंदणी, निधी, वरच्या ओळखी, चांगलं काम, यातलं खरं उपयोगी काय पडतं?"

अगं, नोंदणी तर लागतेच. ती नसेल तर बँकेत खातंही उघडत नाही. पण राज्य बदलत असतं तेव्हा नोंदणी देणारा माणूसच उद्या त्या खुर्चीवर असेल की नाही, हे कोणाला माहीत नसतं. अशा काळात संस्था टिकते ती लोकांनी तिला हिशेब विचारला आणि तिने तो तोंडावर दिला, एवढ्याच आधारावर. चांगलं काम त्याच्या मागून येतं. मी एकतीस वर्षं या कामात आहे. पहिली बारा झाबुआ-अलीराजपूर भागात गेली, पुढची नेपाळ आणि बांगलादेशातल्या लहान संस्थांची हिशेबाची आणि कामाची घडी बसवून देण्यात. त्यातलं जे मला पक्कं कळलंय तेवढं सांगते.

पुस्तकी मराठीत तू विचारतेस त्याला अधिमान्यता म्हणतात. मी पत म्हणते. आपल्या सराफ्यात आणि कापड बाजारात हा शब्द ज्या अर्थाने चालतो, अगदी त्याच अर्थाने. दुकानाचा परवाना महापालिका देते, पत बाजार देतो. आणि पत ठरते ती मंदीत, माणूस देणं कसं फेडतो यावरून.

आपल्याच गावातलं एक उदाहरण देते. माझे आजोबा होळकर संस्थानच्या कचेरीत कारकून होते. त्यांच्या गल्लीत एक लहानसं मराठी वाचनालय होतं, त्याला दरबाराकडून वर्षाला ठरावीक रक्कम मिळायची. २८ मे १९४८ ला मध्यभारत संघ झाला, इंदूर संस्थान त्यात गेलं आणि पुढच्या काही वर्षांत ती रक्कम आटली. १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळ झाली, तेव्हा अर्ज कोणाकडे करायचा हेच कळेना. आजोबा आणि आणखी चौघे जण दारोदार जाऊन महिन्याला चार आणे गोळा करू लागले. कोणी किती दिले आणि कशावर किती गेले, हे दर महिन्याला दाराशेजारच्या फळ्यावर खडूने लिहायचं. आजी सांगायची, दरबारचा पैसा येत होता तोवर एका माणसाने कधी तोंड उघडलं नव्हतं. चार आणे द्यायला लागल्यावर पहिल्याच वर्षी लोक विचारू लागले: आमची पोरं हिंदी शाळेत जातात, त्यांना वाचायला इथे काय आहे? आजोबांना फार लागलं होतं ते. वाचनालय मराठीसाठी होतं ना! पण शेवटी हिंदी पुस्तकांचं एक कपाट आलं. माझ्या कॉलेजच्या दिवसांपर्यंत ते वाचनालय चालू होतं, मी तिथे हिंदी आणि मराठी दोन्ही वाचलं.

तू जाते आहेस तिथे हीच गोष्ट कितीतरी मोठ्या प्रमाणावर आणि रक्त सांडून झाली. १९९६ च्या फेब्रुवारीत माओवाद्यांचं युद्ध सुरू झालं, २१ नोव्हेंबर २००६ ला शांतता करार झाला, आणि २८ मे २००८ ला राजेशाही गेली. (तारीख आपल्या मध्यभारताचीच, साठ वर्षांनंतरची.) युद्धाच्या काळात संस्थांना काठमांडूची समाज कल्याण परिषद एका बाजूने आणि जिल्ह्याचा प्रमुख अधिकारी दुसऱ्या बाजूने तपासायचा. डोंगरात गेलं की माओवाद्यांचं 'जनसरकार' म्हणायचं, आमच्याकडेही नोंदणी करा, वाटा द्या. एकाकडचा कागद दुसऱ्याच्या नाक्यावर धोक्याचा ठरायचा. २००३ मध्ये निधी देणाऱ्या देशांनी आणि संस्थांनी मिळून कामाचे काही मूळ नियम जाहीर केले: सक्तीची वर्गणी देणार नाही, गाडीत हत्यारबंद माणूस बसवणार नाही, मदत राजकारणासाठी वापरू देणार नाही. ते नियम छापून गाड्यांवर, कार्यालयांच्या भिंतींवर लावले गेले. त्यांचा उपयोग झाला, कारण नाक्यावरच्या पोराला दाखवायला काहीतरी होतं आणि ते दोन्ही बाजूंच्या पोरांना एकच होतं.

पण त्या काळात सगळ्यात घट्ट कोण उभं राहिलं म्हणशील, तर सामुदायिक वन उपभोक्ता समूह. १९९३ च्या वन कायद्याने गावाजवळचं जंगल सांभाळायचा आणि त्यातून मिळणारं उत्पन्न वापरायचा हक्क या समूहांना मिळाला. असे वीस हजारांवर समूह आहेत. आता हे लक्षात घे: नेपाळमध्ये १९९७ नंतर गावपातळीची निवडणूक थेट २०१७ मध्ये झाली. २००२ मध्ये जुन्या सदस्यांची मुदत संपली आणि पुढे पंधरा वर्षं गावात निवडून आलेलं कोणी नव्हतंच. ग्रामसचिव जीव वाचवायला जिल्ह्याच्या गावी राहायचे. सैन्य जंगलात जायला बंदी करायचं, माओवादी लाकडावर कर मागायचे. तरी बहुतेक ठिकाणी हे समूह बसत राहिले, गवत-लाकूड वाटत राहिले, शाळेच्या शिक्षकाचा पगार काढत राहिले. कारण सोपं आहे. सभासद गावातलीच घरं, पैसा गावच्या जंगलाचा, आणि वर्षातून एकदा साधारण सभेत जमाखर्च वाचावाच लागतो.

अशी एक सभा मी २००७ च्या हिवाळ्यात मध्य-पश्चिमेच्या डोंगरात पाहिली. शाळेच्या पटांगणात दीडशेक माणसं उन्हात बसली होती, बायका एका कडेला, पाठीवर पोरं. सचिव जमाखर्च नेपाळीत वाचत होता आणि त्याच्या शेजारी उभी राहून दहावीतली एक मुलगी प्रत्येक ओळ मगर भाषेत सांगत होती, कारण म्हाताऱ्या बायांना नेपाळी नीट समजत नव्हतं. शाळेच्या छपराचा खर्च आला. "खिळे, दोन किलो." एक बाई उठली. अनवाणी, डोक्याला मळका फडका. म्हणाली, खिळे मी पाठीवरून आणलेत, पुडा दीड किलोचा होता. सचिव गप्प झाला. वही पुढे-मागे केली, मग पावतीची पिशवी मागवली. पावती दीड किलोचीच होती, उतरवताना दोन लिहिलं गेलं होतं. आकडा खोडून दीड केला, खाडाखोडीवर सचिवाने सही केली, त्या बाईने अंगठा दिला, आणि सभा पुढे सरकली. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील या अर्ध्या किलोत. माझ्या शेजारी काठमांडूहून आलेला कार्यक्रम अधिकारी घड्याळ बघत होता. त्या पंधरा-वीस मिनिटांत त्या समूहाची जेवढी पत वाढली तेवढी त्याच्या सगळ्या छापील अहवालांनी वाढली नसती.

मग तीच बाई माझ्याकडे वळली आणि विचारलं, तुझा पगार किती? मी त्या वेळी एका मोठ्या संस्थेची सल्लागार होते. दुभाषा घुटमळला, त्याला तो प्रश्न उद्धट वाटला. मी आकडा सांगितला. त्या गावातल्या शिक्षकाच्या वर्षभराच्या पगारापेक्षा तो जास्त होता. कोणी काही बोललं नाही. संध्याकाळी त्यांच्यातलाच एक जण येऊन म्हणाला, आजवर इथे आलेल्यांपैकी कोणी सांगितला नव्हता. नेपाळमध्ये संस्थांच्या कामाला चिडून 'डॉलरखेती' म्हणतात, हा शब्द तुझ्याही कानावर पडेल. त्यावर रागावू नकोस. तो आला आहे तो न सांगितलेल्या आकड्यांतून.

त्याच गावात आमच्याकडून मोठी चूक झाली, तीही सांगते. युद्धात घरं गेलेल्यांना छपराचे पत्रे द्यायचे होते. आम्ही नावांची यादी जुन्या सरकारी दप्तरातून घेतली, कारण ती तयार होती आणि तिच्यावर शिक्का होता. त्या दप्तरात युद्धाच्या काळात पळून गेलेली घरं नव्हती, आणि ज्यांची पोरं माओवाद्यांत गेली होती ती तर मुळीच नव्हती. म्हणजे शांततेच्या नावाने आलेली आमची संस्था जुन्या राज्याची यादी नव्या राज्यात चालवत होती. पत्रे रस्त्यावर उतरले तेव्हा लोकांनी ते उचलूच दिले नाहीत. आम्ही यादी रद्द केली, समूहाच्या सभेत घरोघरची नावं मोठ्याने वाचली, ज्याला हरकत आहे त्याने तिथेच सांगायचं असं ठरवलं. सहा आठवडे गेले. फंडरचं आर्थिक वर्ष संपत आलं होतं, खर्च का झाला नाही म्हणून रोज मेल यायचे. संक्रमणाच्या काळात यादी ही सगळ्यात राजकीय वस्तू असते, हे मला तेव्हा कळलं. तू गेलीस की तुला तयार यादी मिळेल. ती कोणी, कधी, कोणत्या राज्यात केली, हे आधी विचार.

आता 'चांगलं काम' हा तुझा मुद्दा. काम चांगलं झालं की पत मिळतेच, असं आपण धरून चालतो. बांगलादेशचं उदाहरण बघ. १९७१ च्या युद्धानंतर, १९७२ मध्ये ब्रॅक ही संस्था सिल्हेटकडच्या शाल्ला भागात परतलेल्या निर्वासितांसाठी सुरू झाली. देश नवा, १९७४ चा दुष्काळ, मग लष्करी सत्ता. १९८० पासून त्यांनी घरोघरी जाऊन आयांना हगवणीवरचं पाणी करायला शिकवलं: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. दहा वर्षांत एक कोटीहून जास्त घरं झाली. यातली मला सगळ्यात मोलाची वाटते ती पगाराची पद्धत. शिकवणारीने किती घरं केली यावर पैसे नव्हते. काही दिवसांनी दुसरा माणूस त्यातल्या काही घरी जायचा, आईला काय आठवतं ते विचारायचा, तिच्याकडून पाणी करून घ्यायचा, आणि आईला जेवढं येतं त्या मानाने शिकवणारीला पैसे मिळायचे. संस्थेच्या कामाचा निकाल आईच्या हातात होता.

तरीही सुरुवातीला आया शिकायच्या आणि वापरायच्या मात्र कमी. शोध घेतला तेव्हा दोन गोष्टी निघाल्या. शिकवणाऱ्यांचाच त्या पाण्यावर पुरता विश्वास नव्हता, आणि घरातल्या पुरुषांना आपल्याला वगळून बायकांना काहीतरी शिकवतात याचा राग होता. मग शिकवणाऱ्यांना ढाक्याच्या कॉलऱ्याच्या रुग्णालयात नेऊन मरणाच्या दारातली माणसं त्या पाण्याने उठून बसताना दाखवली, आणि गावच्या बाजारात, मशिदीत पुरुषांशी बोलणं सुरू केलं. काम पहिल्या दिवसापासून चांगलं होतं. त्याला पत नंतर आली, जेव्हा संस्थेने 'लोक का वापरत नाहीत' हा प्रश्न लोकांवर न ढकलता स्वतःला विचारला.

निवडून न दिलेल्यांचा मुद्दा खरा कसाला लागतो तो निवडणूक झाल्यावर. १९९४ च्या एप्रिलमध्ये दक्षिण आफ्रिकेत सगळ्यांना मताचा हक्क मिळाला. वर्णभेदाशी लढलेल्या संस्थांना वाटलं, आता आपले दिवस आले. पण परदेशी पैसा नव्या सरकारकडे वळला, संस्थांमधली जाणती माणसं मंत्रालयांत गेली, आणि मागे राहिलेल्यांना लोक विचारू लागले की आता आमचं सरकार आहे, तुमची गरज काय? हुकूमशाहीत ज्या धाडसाने पत मिळवली ते धाडस लोकशाहीत जुन्या नाण्यासारखं झालं. नवी पत ज्यांनी कमावली त्यांत ट्रीटमेंट ॲक्शन कँपेन आहे, एचआयव्हीच्या औषधांसाठी लढणारी, १० डिसेंबर १९९८ ला सुरू झालेली. स्वस्त औषधांच्या कायद्याविरुद्ध ३९ औषध कंपन्या कोर्टात गेल्या, तेव्हा ही संस्था सरकारच्या बाजूने उभी राहिली, आणि एप्रिल २००१ मध्ये कंपन्यांनी खटला मागे घेतला. चारच महिन्यांनी हीच संस्था त्याच सरकारला कोर्टात घेऊन गेली, कारण गरोदर बायकांकडून बाळाला एचआयव्ही जाऊ नये म्हणून द्यायचं औषध सरकार सर्व सरकारी दवाखान्यांत देत नव्हतं. ५ जुलै २००२ ला घटना न्यायालयाने सरकारला ते द्यायला सांगितलं. सरकार निवडून आलेलं होतं, संस्था नव्हती. तरी लोक तिच्या मागे होते, कारण तिचे सभासदच आजारी होते, छातीवर 'एचआयव्ही पॉझिटिव्ह' लिहिलेले टी-शर्ट घालून फिरत होते, आणि वस्त्यांमध्ये बायका एकमेकींना कोणतं औषध काय करतं हे शिकवत होत्या. तिचे नेते झॅकी अख्मत यांनी तर सरकारी दवाखान्यात मिळत नाही तोवर आपण औषध घेणार नाही म्हणून ते कित्येक वर्षं नाकारलं. सगळ्यांनी असं करावं असं मी म्हणणार नाही, जिवाशी खेळ आहे. पण 'तुम्ही कोण?' या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर होतं.

पोलंडची गोष्टही तुला माहीत असू दे. १९७६ च्या जूनमध्ये रादोम आणि उर्सुसच्या कामगारांना संपाबद्दल मारलं, कामावरून काढलं, तुरुंगात घातलं. सप्टेंबरमध्ये चौदा जणांनी कामगार संरक्षण समिती काढली आणि पहिल्याच पत्रकाखाली आपली नावं, पत्ते, फोन नंबर छापले. सगळं राज्य गुप्ततेवर चालत होतं, तिथे यांनी दार उघडं ठेवलं. पैसे गोळा करून कामगारांच्या घरी आणि वकिलांना दिले. १९८० मध्ये सॉलिडॅरिटी ही लाखो कामगारांची संघटना उभी राहिली, आणि १९८१ मध्ये तिच्या अधिवेशनात या समितीने आपलं काम संपल्याचं जाहीर केलं आणि ती बरखास्त झाली. आपल्याकडे किती संस्थांना हे जमलंय?

पैशाबद्दल विनोबांकडे यावं लागतं. १९६० च्या पावसाळ्यात ते महिनाभर इंदुरात होते आणि घराघरांत सर्वोदय-पात्र ठेवायचं काम जोरात चाललं. लहान मुलाच्या हाताने रोज मूठभर धान्य त्यात टाकायचं. आमच्या घरी पितळेचा डबा होता, माझी धाकटी आत्या त्यात ज्वारी टाकायची, नंतर कितीतरी वर्षं त्यात साबण ठेवायचो. विनोबा त्या मुठीला मत मानत. त्यांच्या शांतिसेनेने, म्हणजे शांतता राखणाऱ्या स्वयंसेवकांनी, काम करावं याला या घराची रोजची संमती आहे, असं. त्याआधी १९५६ मध्ये तमिळनाडूतल्या पलनीला त्यांनी निधिमुक्ती आणि तंत्रमुक्ती जाहीर केली होती: गांधी स्मारक निधीचा पैसा भूदानाच्या कामाला नको आणि भूदान समित्याही नकोत. त्यानंतर पुष्कळ ठिकाणी काम विस्कटलं, कार्यकर्त्यांना घर चालवायला दुसरं काही शोधावं लागलं. म्हणून मला निधिमुक्ती पूर्णपणे पटलेली नाही. बाहेरचा पैसा घ्यावा लागतो. पण गावाची मूठभर ज्वारी त्यात असली पाहिजे, मग ती खर्चाच्या शंभराव्या भागाइतकी का असेना. ज्याने मूठ टाकली तोच खिळ्यांचा हिशेब विचारतो.

वरच्या ओळखींबद्दल एवढंच सांगते की त्या राज्याबरोबर जातात. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये नेपाळात काय झालं ते तू पाहिलंच आहेस. ८ तारखेला निदर्शनं करणारी तरुण पोरं रस्त्यावर मारली गेली, ९ ला पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला, १२ ला सुशीला कार्की अंतरिम पंतप्रधान झाल्या. पुढाऱ्यांच्या मुलांच्या चैनीचे व्हिडिओ बघून ती पोरं आधीच पेटली होती. अशा देशात पांढरी मोठी गाडी, तारांकित हॉटेलातली कार्यशाळा, जिल्हाधिकाऱ्याच्या शेजारची खुर्ची, यातली प्रत्येक गोष्ट लोक मोजतात. गाडी एक किलोमीटर अलीकडे उभी कर आणि चालत जा. थकशील, पण वाटेत चार माणसं बोलतील.

पहिले तीन महिने काही वाटू नकोस, काही बांधू नकोस. आधी तिथे कोण बसतं, कुठे बसतं आणि कोणाला बसू देत नाहीत ते बघ. दलित वस्तीतल्या बाया सभेत कडेला बसतात की येतच नाहीत? समूहाचीही पत सगळ्यांत सारखी नसते. मी ज्यांचं कौतुक केलं त्या वन समूहांतही वरच्या घरांचं चालतं, आणि गरिबांना लाकूड विकत घ्यावं लागतं अशी गावं मी पाहिली आहेत. तुझा पहिला हिशेब पहिल्या महिन्यातच वाच, खर्च फक्त चहाचा असला तरी. त्यांच्या भाषेत वाच.

आणि गावाला नाही म्हणता आलं पाहिजे. २००९ मध्ये त्याच खिळ्यांच्या गावाला आम्ही नळयोजना देऊ केली. त्यांनी सभा घेतली आणि नको म्हणाले, कारण पाण्याचा उगम शेजारच्या गावाच्या हद्दीत होता आणि भांडण होईल असं त्यांना वाटत होतं. आमच्या कार्यालयात सगळे नाराज झाले, तयार प्रपोजल फुकट गेलं. आम्ही परत आलो. २०११ मध्ये त्यांचं हाताने लिहिलेलं पत्र आलं. शेजारच्या गावाशी बोलणं झालंय, आता नळ हवेत, पण अटी अशा: दोन्ही गावांची एकच समिती असेल, खोदाईची मजुरी बाया-बाप्यांना सारखी मिळेल, सामान आम्ही आणू आणि पावत्या आमच्याकडे राहतील. ते पत्र माझ्या फाइलमध्ये आहे. जाण्याआधी राजेंद्रनगरला एखाद्या रविवारी ये, तुला त्याची झेरॉक्स देते. तुझ्या पहिल्या प्रपोजलमध्ये त्यातल्या तिसऱ्या अटीवर फंडर अडून बसेल, तेव्हा त्याला काय लिहायचं तेही आपण बसून ठरवू.